चोवीस खवल्यांची काळजी

काळजी करणं हाच ज्यांचा खरा व्यवसाय आणि प्राणिशास्त्राची प्राध्यापकी ही ज्यांनी केवळ पोटासाठी केलेली जोडनोकरी, असे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले, आणि ते माझे थोरले साडू निघाले. माणसं मुलांच्या शिक्षणाची काळजी करतात, गुडघ्यांची करतात, फार तर देशाची करतात. आमच्या साडूंनी या सगळ्या काळज्या बायकोकडे सोपवल्या आणि स्वतःकडे फक्त गोड्या पाण्यातले मासे ठेवले. तेही खाण्याचे नव्हेत. त्यांच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबरठा ओलांडत नाही. हा मासा कुठल्या पाण्यातला, कुठल्या कुळातला, आपण त्याला दिलेलं नाव बरोबर आहे का, आणि बरोबर असलंच तर उद्यापर्यंत तो तिथे राहील का, या चार प्रश्नांवर ते गेली पंचेचाळीस वर्षं धारवाडात तग धरून आहेत.

आमची पहिली भेट माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात झाली. थोरले जावई म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. सासऱ्यांनी माझ्या वडिलांना कुळाबद्दल विचारायला सुरुवात केली तसे कोपऱ्यात पेंगत असलेले साडू एकदम सावरून बसले. पण चौकशी माझ्या कुळाची चाललीय हे कळल्यावर पुन्हा भिंतीला टेकले. हुबळीच्या दाजीबानपेठेतलं आमचं कापडाचं दुकान किती फुटी आहे, भाऊ किती, वाटण्या झाल्यात का, हे सगळं विचारून झालं. शेवटी सासरे त्यांच्याकडे वळून म्हणाले, तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा. ते थोडे पुढे सरकले आणि मला म्हणाले, "तुमचं मूळ गाव कागलकडचं ना? मग दूधगंगेत वांब अजून सापडते का?" मी म्हटलं, मला माहीत नाही, आम्ही मासे खात नाही. "मीही खात नाही," ते म्हणाले, "म्हणूनच तर विचारतो." आणि माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की मुलगी मिळाली तरी या माणसाच्या नजरेत आपण नापास झालो हे मला तिथेच समजलं. पुढे मी त्यांना अण्णा म्हणायला लागलो. ते मला आजतागायत नावाने हाक मारत नाहीत. माझं नाव त्यांना पक्कं आठवतं याची त्यांना खात्री नाही.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत पाऊल टाकलं की पहिल्यांदा औषधाचा वास येतो आणि मग मासे दिसतात. दोन लोखंडी कपाटं, त्यांत चारशेवर बाटल्या, आणि प्रत्येक बाटलीत एखादा फिकट पडलेला मासा तोंड वासून उभा. पाहुण्यांना वाटतं तो आपल्यालाच काहीतरी सांगतोय. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, लग्न होऊन आली तेव्हा त्यातलं एक कपाट तिच्या साड्यांसाठी घेतलं होतं म्हणे. पहिल्याच पावसाळ्यात साड्या ट्रंकेत गेल्या. तरी तिने कधी कुरबुर केल्याचं मी ऐकलं नाही. उलट झाडलोट करताना एखादी बाटली जागची हलली तर ती लेबल वाचून नेमकी परत ठेवते. ही लेबलं हा स्वतंत्र विषय आहे. साडू सगळी नावं पेन्सिलने लिहितात. पेनाने लिहिलेलं नाव खोडता येत नाही, आणि नाव खोडायची वेळ येणार नाही असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस एकतर मूर्ख असतो किंवा त्याने मासा नीट पाहिलेला नसतो, असं त्यांचं मत. निम्म्या लेबलांवर नावापुढे प्रश्नचिन्ह आहे. काहींवर दोन आहेत. त्यांची एकुलती मुलगी जन्मली तेव्हा बाराव्या दिवशी नाव ठेवायचं म्हणून सगळे जमले, तर हे म्हणाले, अजून तिचा स्वभाव कुठे दिसलाय. पुढचे अकरा महिने ती पोर बाळ या एकाच नावावर वाढली. शेवटी सासूबाईंनी तिला परस्पर एक नाव देऊन टाकलं, तेव्हा यांचा चेहरा परीक्षा रद्द झालेल्या मुलासारखा मोकळा झाला होता.

या भित्रेपणाचं कारण मला फार उशिरा कळलं, तेही अक्काकडून. नव्याने नोकरीला लागले तेव्हा त्यांनी बेडतीच्या एका ओढ्यात सापडलेल्या वाळूतल्या लहानशा माशावर टिपण लिहिलं होतं. छापून आलं, लोकांनी पाठ थोपटली. दोन वर्षांनी त्यांना स्वतःलाच कळलं की मासा वेगळ्या जातीचा होता. मिशांची एक जोडी मोजायची राहिली होती. तोवर दोन ठिकाणच्या अभ्यासकांनी त्यांचं टिपण खरं धरून आपल्या याद्यांत तो मासा घातला होता. साडूंनी दोघांना पत्रं लिहिली, माफी मागितली, पुन्हा पत्रं लिहिली. एकाने उत्तर दिलं की ठीक आहे. दुसऱ्याचं उत्तर आलं नाही. त्या न आलेल्या उत्तराची हा माणूस चाळीस वर्षं वाट पाहतोय, असं अक्का म्हणाली.

त्यानंतर मोजणं वाढत गेलं. माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते, तिच्यावरची खवलं मोजायची. पाठीवरच्या पराचे काटे मोजायचे. मिशा आहेत की नाहीत, असल्या तर किती, ते पाहायचं. दर मंगळवारी ते पिशवीत चिमटा आणि भिंग घेऊन हुबळीच्या मासळीबाजारात येत. तिथे यल्लव्वा नावाची एक थोराड बाई तळ्यातली मासळी विकते. सुरुवातीला विकत न घेता नुसताच ढीग उपसणारा हा म्हातारा पाहून तिने चारदा हाकलून दिलं होतं. पुढे तिच्या लक्षात आलं, की हा माणूस तासाभरात ढिगाचे जातवार सात ढीग करून देतो आणि शिळा मासा वेगळा काढतो. तेव्हापासून ती त्यांच्यासाठी एक पाट राखून ठेवू लागली. एकदा गिऱ्हाईक मरळ म्हणून मासा घेत असताना साडू मध्ये पडले आणि सांगू लागले की ही खरी मरळ नव्हे, तिची चुलत बहीण आहे, ठिपके बघा. गिऱ्हाईक पिशवी तशीच ठेवून निघून गेलं. यल्लव्वा रागावली नाही. तिने कानडीत त्यांना शांतपणे सांगितलं, सर, कढईत पडल्यावर सगळ्या बहिणी सारख्याच. त्या वाक्याने साडूंना तीन दिवस झोप आली नाही. कितीतरी जाती नाव मिळायच्या आत कढईत गेल्या असतील, हे त्यांना तोवर सुचलंच नव्हतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या धारवाडची जमीन मधोमध उंच आहे. एका बाजूचं पाणी शाल्मलेतून बेडतीत आणि पुढे अरबी समुद्रात जातं. दुसऱ्या बाजूचं ओढ्यानाल्यांतून मलप्रभेत, कृष्णेत आणि पार बंगालच्या उपसागरात. साडूंचा दावा असा, की ही सीमा त्यांच्या घराखालून जाते. न्हाणीघराचं पाणी पूर्वेला आणि स्वयंपाकघराचं पश्चिमेला. ते खरं असो नसो, दोन्ही बाजूंचे मासे मात्र वेगवेगळे, यावर त्यांचा सगळा संसार उभा होता. आणि निवृत्तीच्या वर्षी, नवलगुंदाच्या रस्त्याला आत असलेल्या एका खेड्याच्या तळ्यात, म्हणजे चोख पूर्वेच्या बाजूला, त्यांना बोटाएवढी एक खवली, म्हणजे तळ्याओढ्यांतली बारीक चपटी मासळी, सापडली. अंगावर दोन काळे ठिपके, पाठीच्या परावर तांबूस झाक, रेघेवर चोवीस खवलं. ती पूर्वेच्या कुठल्याच यादीत बसेना. पश्चिमेची म्हणावी तर इथे कशी आली? नवीन म्हणावी तर तसं म्हणणारे आपण कोण?

दुसऱ्या कुणी त्याच महिन्यात ती तज्ज्ञांकडे पाठवली असती. साडू म्हणाले, अजून एक पावसाळा बघू. असे अकरा पावसाळे गेले. दर वर्षी ते तळ्यावर जात, दोन-चार मासे आणत, मोजत, वहीत लिहीत आणि वही मिटत. माझ्याकडे व्हॅन असल्यामुळे या फेऱ्यांत मी आपोआप सारथी झालो. जाताना वाटेत ते तळं आटलं असेल का, म्हणून काळजी. पोचल्यावर त्यात कुणी तिलापिया हे खादाड परदेशी मासे सोडले असतील का, म्हणून काळजी. परतताना आपण आणलेलेच शेवटचे असतील का, म्हणून काळजी. तिलापिया हा शब्द तर ते चोरटा शब्द असल्यासारखा हळू उच्चारत. मी दुकानात गिऱ्हाइकापुढे पातळांची थप्पी उलगडत असताना फोन यायचा, आणि पलीकडून नमस्कार वगैरे काही न होता आवाज यायचा, "तू परवा तळ्यावर बगळे किती पाहिलेस?"

गेल्या एप्रिलमध्ये असाच फोन आला, पण आवाज वेगळा होता. तळ्यातला गाळ काढायचं गावाने ठरवलं होतं. उरलेलं पाणी पाटाने सोडून दिलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी येणार होता. गावाचं काही चुकत नव्हतं. गाळाने तळं उथळ झालं होतं आणि उन्हाळ्यात गुरांना पाणी पुरत नव्हतं. हे साडूंनाही मान्य होतं. रागावता येईल असं कुणी नसल्यामुळे त्यांचा जीव आणखीच घाबरा झाला होता. मी दुकानातून मच्छरदाणीच्या कापडाचे दहा मीटर फाडले, शेजारच्या डेअरीवाल्याकडून चार रिकामे कॅन मागून घेतले आणि उजाडताना धारवाडला पोचलो. ते दारातच उभे होते, पायांत रबरी बूट, हातात वही, आणि गळ्यात भिंग अडकवलेलं.

तळ्याच्या जागी काळ्या चिखलाचं मैदान होतं. मोठी मासळी गावकऱ्यांनी आधीच धरून नेली होती. मध्ये जेवणाच्या टेबलाएवढी दोन डबकी उरली होती, आणि त्यांच्या कडेला बगळे ओळीने बसले होते. जेसीबी बांधावर सुरू होऊन उभा होता. मी चालकाला विनवून तासाभराची सवड मागून घेईपर्यंत साडू चिखलात उतरलेही होते. पंधरा पावलांवर ते मांडीपर्यंत रुतले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही, आणि तिथून ते मला ओरडून सांगत होते ते असं, की मला नंतर काढ, आधी डाव्या डबक्याकडे जा. जेसीबीचा चालक खाली उतरला. त्याने आणि दोन गावकऱ्यांनी फळी टाकून त्यांना बाहेर ओढलं. एक बूट आतच राहिला. मग आम्ही चौघांनी मच्छरदाणी धरून दोन्ही डबकी गाळली. साडू बांधावर बसून, एका पायात बूट, कॅनमध्ये पडणारा प्रत्येक मासा मोजत होते. त्रेचाळीस खवल्या मिळाल्या. परतताना ते व्हॅनमध्ये कॅनवर हात ठेवून बसले होते, आणि दर दोन मिनिटांनी मला सांगत होते की हळू, पाणी हिंदकळतंय. आणि लगेच, जरा जोरात, हवा संपतेय.

खरा प्रश्न घरी पोचल्यावर उभा राहिला. त्यांच्या भागात नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी येतं. शेवटचं येऊन सहा दिवस झाले होते. अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीत जे कमरेएवढं पाणी होतं ते सगळ्या घराचं. ताजं नळाचं पाणी औषध घातलेलं, त्यात मासे लगेच मरतात. टाकीतलं सहा दिवसांचं शिळं पाणी मात्र चालणार होतं. साडू टाकीच्या झाकणाशी उभे राहिले. कधी झाकणाकडे पाहत, कधी अक्काकडे. अक्काने कॅनमध्ये वाकून पाहिलं. मग तिने घरातली झाडून सगळी भांडी बाहेर आणली, कळशी, हंडे, कुकर, देवघरातला तांब्यासुद्धा, पिण्यापुरतं पाणी भरून घेतलं आणि म्हणाली, "सोडा आता."

आठव्या दिवशी पाणी आलं नाही. नवव्याही नाही. गल्लीत कुणी "नीर बंतु री", पाणी आलं हो, म्हणून हाळी दिली की आम्ही सगळे नळाकडे धावायचो, आणि ते पलीकडच्या गल्लीचं निघायचं. शेजाऱ्यांनी एकेक कळशी दिली. साडूंनी अंघोळ सोडली. दिवसभर ते टाकीच्या काठावर बसून असत, आणि रोज दोन-तीन खवल्या उलट्या होऊन वर येत. त्या ते ओंजळीत उचलून आत नेत, बाटलीत ठेवत, तारीख लिहीत. अकराव्या दिवशी पाणी आलं, मी एक काळी प्लास्टिकची टाकी आणून परसातल्या चिकूखाली ठेवली, तिच्यात मुरवलेलं पाणी भरलं आणि मासे तिकडे हलवले. एकतीस उरले होते. बारा गेले होते.

अक्कानेच मध्ये पडून त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीला कळवलं. वसुधा तिचं नाव. केरळात असते आणि तिकडच्या नद्यांतल्या माशांवर काम करते. येत्या रविवारी येते म्हणून तिने लगेच कळवलं. शुक्रवारी दुपारी मला अक्काचा फोन आला. हे तिला येऊ नको म्हणून कळवायला सांगतायत, सकाळपासून जेवले नाहीत, तू ये. मी गल्ला भावावर सोपवून निघालो.

साडू टेबलाशी बसले होते. पुढे बशीत मेलेल्या बारा खवल्या ओळीने ठेवल्या होत्या. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. बावीस, पंचवीस, तेवीस, सव्वीस, पुन्हा बावीस. प्रत्येक माशाचा आकडा निराळा. त्यांचं म्हणणं असं, की ही एक जात नाहीच. दोन-तीन जाती मिसळल्यात, किंवा आपण अकरा वर्षं काहीतरी भलतंच मोजत आलो. मुलगी एवढ्या लांबून येणार आणि तिच्यापुढे हा गोंधळ ठेवायचा. मला माशांतलं काही कळत नाही, पण मोजणं कळतं. कापडाच्या इंचभरात धागे किती आहेत ते पाहायचं घडीचं भिंग आम्हा दुकानदारांच्या खिशात असतं. तीस वर्षं मी त्यातून धागे मोजत आलोय. ते काढून मी पहिला मासा खिडकीच्या उजेडात धरला. टाचणीच्या टोकाने एकेक खवल मोजत शेपटीपर्यंत गेलो. चोवीस. दुसरा घेतला. चोवीस. बाराही मासे मी दोनदा मोजले. एकाचंही खवल इकडे तिकडे नव्हतं.

मी आकडा सांगितला तेव्हा मला वाटलं ते खूश होतील. त्यांनी बशी स्वतःकडे ओढून घेतली. मग मी वही मागे चाळली. पहिली नऊ वर्षं, पानामागून पान, चोवीस. गेली दोन वर्षं आकडे भरकटलेले. बोललो ते एवढंच, "अण्णा, मासा बदललेला नाही."

त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. "मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. आधी मधोमध धुकं यायचं. दिवाळीपासून दाराची चौकटसुद्धा वाकडी दिसते."

"मग डॉक्टरांना का नाही दाखवलंत?"

"दाखवलं असतं तर त्यांनी त्याला नाव दिलं असतं."

अक्का दारात उभी होती. तिने पदराने डोळे पुसले नाहीत की ती त्यांच्यावर रागावली नाही. आत येऊन तिने बशीतले मासे एकेक करून बाटलीत परत ठेवले आणि म्हणाली, "वसुधाला येऊ दे. तुमचं चुकलं असेल तर ती सांगेल की. सांगायला माणूस येतंय, हे काय कमी आहे?" त्या दोन मिनिटांत मला कळलं, की मासे मरतील ही काळजी ते मोठ्याने करत होते ती या दुसऱ्या काळजीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आणि ते अक्काला बहुधा दोन वर्षं ठाऊक होतं.

शनिवारी मी त्यांना हुबळीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, गेलं ते परत येणार नाही, पण इंजेक्शनं देऊन उरलेलं टिकवता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि रोगाचं लांबलचक नाव कागदावर लिहिलं. साडूंनी विचारलं, हेच नाव कशावरून? याच्यासारखे दिसणारे आणखी कुठले रोग आहेत आणि ते कुठल्या लक्षणावरून बाद केलेत? डॉक्टर तरुण होते. आधी गडबडले, मग खुर्ची पुढे ओढून अर्धा तास त्यांना समजावत बसले. बाहेर लोक ताटकळले होते. निघताना साडू मला म्हणाले, पोरगा चांगला आहे, नीट ओळख पटवतो.

रविवारी वसुधा आली. पस्तिशीची, हसरी, पाठीवर मोठी पिशवी. तिने वाकून नमस्कार केला आणि अक्काने चहा टाकायच्या आतच साडूंनी तिला सांगून टाकलं, की माझ्या गेल्या दोन वर्षांच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नकोस, मला दिसत नव्हतं आणि मी ते लपवलं. तिने पाठीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "सर, सुरुवातीच्या वह्या आधी काढा." दिवसभर ती त्या टेबलाशी बसून होती. अकरा वर्षांच्या प्रत्येक बाटलीतला मासा तिने आपल्या यंत्राखाली पुन्हा मोजला. मी आकडे वाचून दाखवत होतो, अक्का बाटल्या देत-घेत होती. साडू खुर्चीत ताठ बसून निकाल ऐकत होते. संध्याकाळपर्यंत पहिल्या नऊ वर्षांतला एकही आकडा चुकला नाही. शेवटच्या दोन वर्षांची पानं वसुधाने त्यांच्याच पेन्सिलने दुरुस्त केली आणि खाली आपली सही केली. मेलेल्या माशांतले सहा, आणि जिवंतांपैकी दोघांच्या पराचे इवलेसे तुकडे स्पिरिटमध्ये घालून ती तपासायला घेऊन गेली.

पुढचे चार महिने आमच्या घरांत एका फोनची वाट पाहिली गेली. मी आणि अक्काने, साडूंना न सांगता, मासा नवीनच निघणार आणि त्याला त्यांचं नाव मिळणार असं धरून टाकलं होतं. अक्काने तर नाव लॅटिनमध्ये कसं दिसेल तेही मनात जुळवलं होतं, असं तिने नंतर कबूल केलं. ऑगस्टमध्ये वसुधाचा फोन आला. मासा नवीन नव्हता. पश्चिमेच्या ओढ्यांतली शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नाव मिळालेली जात होती. पूर्वेच्या बाजूला मात्र ती आजवर कुणालाच सापडली नव्हती; ही नोंद पहिली आणि एकमेव, आणि ती सरांच्या नावाने छापायची होती. आमचे दोघांचे चेहरे पडले. साडूंनी फोन ठेवला, लांब श्वास सोडला आणि अक्काला शिरा करायला सांगितलं. नवीन असता तर नाव द्यावं लागलं असतं, ते म्हणाले. आणि दिलेलं नाव आपल्या मागे कुणी सांभाळलं असतं?

शिरा संपायच्या आत अर्थातच नवीन काळजी सुरू झाली: मग तो इकडे आला कसा? त्यासाठी आम्ही पुन्हा त्या खेड्यात गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, की त्याच्या आजीच्या काळात पाऊस लांबला की गावातल्या बायका पलीकडच्या अंगाला, शाल्मलेच्या उगमाशी जायच्या, तिथलं पाणी घागरीत भरून चालत आणायच्या आणि या तळ्यात ओतायच्या. साडूंनी ते तीनदा वदवून घेतलं. घागरीतून दोन इवले मासे आले असतील? सिद्ध कसं करायचं? परतल्यावर त्यांनी मला सांगून वहीत ते लिहवून घेतलं, पेन्सिलने, आणि पुढे मोठं प्रश्नचिन्ह काढायला लावलं. पण ते सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की प्रश्नचिन्ह खरं तर मला काढवत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये तळं काठोकाठ भरलं होतं. एकतीस खवल्या घेऊन आम्ही तिघं गेलो. मी गुडघाभर पाण्यात उतरून कॅन आडवा केला. त्या थोडा वेळ काठाशीच घुटमळल्या, मग एकदम सगळ्या मिळून निघून गेल्या. साडू बांधावर अक्काच्या शेजारी बसले होते. आता त्यांना समोरचं माणूस कडेकडेने दिसतं, मधोमध नाही. त्यामुळे तळ्याकडे पाहताना ते मान थोडी वळवून, दुसरीकडेच पाहिल्यासारखे पाहत होते. त्यांनी मला विचारलं, दिसतायत का. मी बराच वेळ पाण्यात पाहिलं. ढगांची सावली होती, पलीकडे दोन म्हशी होत्या, एक खंड्या चोच पाण्याकडे करून तारेवर बसला होता. मासा एकही दिसला नाही. खोटं बोलावं असं मनात आलं, पण या माणसाशी ते जमलं नाही.

"नाही दिसत," मी म्हटलं.

"म्हणजे नीट लपले," ते म्हणाले, आणि अक्काचा हात धरून उठले.

पंचवीस-तीस वर्षांच्या ओळखीत मला धीर यावा असं ते पहिल्यांदा काही बोलले होते. येताना गाडीत बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. मान काचेला टेकलेली, तोंड किंचित उघडं, बांधावरच्या मातीने मळलेले हात मांडीवर. अक्का मागून म्हणाली, किती दिवसांनी असे झोपलेत. मी गाडी सावकाश चालवत होतो. तो खंड्या मघाशी तारेवर नेमका कशासाठी बसला होता, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.